नऊचा खटका

४ जानेवारी

आदरणीय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

उद्या मालमोटारीने रोपं वाढवायची दोन कपाटं तुमच्या प्रयोगशाळेकडे निघतील. त्यांत माझ्या हातचं काय काय आहे ते आधीच कळवून ठेवतो, म्हणजे कोणी ‘हे विकतचं दिसतंय’ म्हणालंच तर त्याला ऐकवता येईल. सांगाडा सागाचा, रंधा मी मारला. आतला जस्ताचा पत्रा मी कापला, मी वाकवला, मी डाख देऊन जोडला. दोन भिंतींमध्ये भरलेला लाकडाचा भुसा मी चाळून, वाळवून ठासला. पंख्याची पाती पितळेची, तराजूत तोलून सारखी घासलेली. पंखा चालू आहे की बंद हे जवळ हात नेऊनच कळेल. गरम तारेची वेटोळी माझी. तापमान राखणारी पट्टीही माझीच, पितळ आणि पोलाद एकावर एक ठोकून केलेली. पानाला बांधायचा रेशमी दोरा, त्याची तरफ, कागद गुंडाळलेला फिरता डबा, त्यावरची दोन पेनं, एक पानाची हालचाल लिहिणारं आणि एक तापमान लिहिणारं, हे सगळं माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर तयार झालं. विकत आणलं ते फक्त काच, दिवे आणि बिजागऱ्या. बिजागऱ्यांचं मनाला लागून राहिलं आहे.

एक गोष्ट मात्र सांगत नाही. कपाट आपली काळजी आपणच घेतं, एवढंच म्हणतो. कारागिराची एखादी चीज झाकलेली राहू द्या.

आता माझी शंका. लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडतं. लंबक तापतो, लांबतो, सावकाश झुलतो. माझं निम्मं दुकान त्या तक्रारीवर चालतं. तुम्ही म्हणता, घेवड्याच्या पोटात घड्याळ आहे आणि ते गारठ्यात काय, उकाड्यात काय, एकाच चालीने चालतं. हे घेवड्याला जमतं कसं? आणि जमत असेल तर त्याने मला शिकवणीला का घेऊ नये?

मुलांचं पत्र आलं. जावईबापू चहा करायला शिकले म्हणे. अभिनंदन तुमचं करू की माझ्या मुलीचं?

आपला,
व्याही


१९ जानेवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. अभिनंदन माझंच करा. अठ्ठावीस वर्षं मी त्याला चहा शिकवू शकले नाही, म्हणजे तुमच्या लेकीला किती हुशार सासू मिळाली आहे बघा, काम तिच्यावर सोडून मोकळी!

कपाटं पोचली. चार जणांनी जिना चढवली. शिपाई घाम पुसत म्हणाला, “बाई, यात रोपं ठेवायची की पेढीची रोकड?” विभागप्रमुखांनी सगळीकडून हात फिरवला आणि नेमकं बिजागरीवर बोट ठेवून म्हणाले, “ही छान आहे.” तुम्हाला कळवल्याशिवाय राहवलं नाही.

तुमची शंका मोठी आहे. उष्णतेने रसायनांची कामं भराभर होतात. दहा अंश चढले की वेग साधारण दुप्पट. घेवड्याचं घड्याळ रसायनांचंच. म्हणजे उकाड्यात त्याने सुसाट पळायला हवं, अर्ध्या दिवसात दिवस उरकायला हवा. तसं होत नाही. आम्ही उजेड-अंधार काढून घेतो, एकच मंद दिवा सतत लावून ठेवतो. तरी पानं दिवसाकाठी एकदा वर येतात आणि एकदा मान टाकतात. अठरा अंशांना ठेवा नाहीतर अठ्ठावीसला, चाल जवळपास तीच. आमचा अंदाज असा की आत एकमेकांविरुद्ध ओढणारी कामं आहेत. एक काही घडवतं, दुसरं तेच मोडतं. उष्णता दोघांनाही घाई करते, पण अशा बेताने की एकाची घाई दुसऱ्याची घाई खाऊन टाकते. सगळे दुवे अजून सापडलेले नाहीत. सापडले असते तर मी निवृत्तीच्या उंबऱ्यावर बसून तुम्हाला कपाटं मागितली नसती.

माझ्याकडे घेवड्याचे दोन वाण आहेत. एकाला मी शहाणी म्हणते. ती वर सांगितल्यासारखी वागतात. दुसरी वेंधळी. त्यांच्या घड्याळात जन्मतःच कुठेतरी बिघाड आहे. गारठ्यात ती शहाण्यांच्या बरोबरीने चालतात, उकाड्यात मात्र रोज थोडी थोडी मागे पडतात. ऊब आणि वेळ यांचा मेळ कुठे घातला जातो, ते त्या बिघडलेल्या जागी शोधावं, असं मी अकरा वर्षांपूर्वी छापलं. माझं नाव जे काही चार लोकांना ठाऊक आहे ते वेंधळ्यांमुळेच. फक्त तेव्हाचं कपाट होतं पत्र्याचं, दार लावायला आम्ही स्टूल टेकवायचो. जाण्याआधी एकदा चांगल्या कपाटात खात्री करून घ्यायची आहे.

तिसरं कपाट तुम्ही घरी ठेवून घेतलंत ना? दोन्ही वाणांचं थोडं बी पाठवते आहे. अठ्ठावीस अंशांना लावा, मंद दिवा चालू ठेवा. आमच्या विहीणबाईंना करमणूक.

तुमचं गुपित विचारत नाही. मुलीकडच्या माणसाने वरमाईपासून काही लपवावं हेच नवल आहे, ते चालू द्या.

तुमची,
विहीण


६ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई,

बिजागरीचा उल्लेख तुम्ही मुद्दाम केलात हे मी ओळखलं. पुढच्या कपाटाला बिजागऱ्याही माझ्याच असतील.

तुमचं ओढाताणीचं वाचलं आणि टेबलावरून उठून दुकानात एक फेरी मारली. अहो, हे तर आमच्यात आहे! उंची घड्याळात लंबकाला एक दांडी नसते. पोलादाच्या दांड्या तापून गोळ्याला खाली ढकलतात, मधल्या पितळेच्या तापून त्याला वर उचलतात. लांब्या नीट धरल्या की गोळा होता तिथेच राहतो. प्रत्येक दांडी उष्णतेला बळी पडते आणि अख्खा लंबक पडत नाही. तुमचा घेवडा हेच करतो, एवढंच की त्याने लोहार ठेवलेला नाही.

बी पेरलं. कपाट दुकानामागच्या खोलीत, हिच्या रेडिओच्या शेजारी ठेवलं आहे. हिने पहिल्या दिवशी विचारलं, “वेंधळी कुठली?” मी डावीकडची दाखवली. म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. मला वाटलं काचेत तुम्ही दिसताय.”

आपला,
व्याही


३० मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार. दोन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही दोघं रागावला असाल. रागवा, पण पुढचं वाचून घ्या.

वेंधळी वेंधळी नाहीत.

तीन वेळा पेरली. दोन्ही कपाटांत, अठ्ठावीस अंशांना. शहाण्यांच्या बरोबरीने पानं वर, बरोबरीने खाली. एक दिवस नाही की ती मागे पडली. तापमानाची रेघ पाहावी तर पट्टीने आखल्यासारखी सरळ. इतकी सरळ रेघ मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. मग चुकलं कोण? ते पत्र्याचं कपाट, आणि त्यावर विश्वास टाकणारी मी. त्यात तापमान वर-खाली होत असणार, रोपं बिचकत असणार, आणि मी त्याला घड्याळाचा बिघाड समजले.

आता एक निवेदन लिहिते आहे. अकरा वर्षांपूर्वीचं माझं म्हणणं मी मागे घेते, एवढंच. एप्रिलच्या अखेरीस ते नियतकालिकाकडे जाईल. माझ्यामागून कोणी या वाणावर वर्षं घालवू नयेत.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. उलट अभिमान बाळगा. विभागप्रमुख येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाट दाखवतात: “या कपाटाने आमच्या बाईंची चूक पकडली.” मी शेजारी उभी राहून हसते. रडले नाही. म्हणजे एकदा रडले, पण नळ सोडून, त्यामुळे ते मोजू नये.

मुलांना यातलं काही कळवू नका.

तुमची,
विहीण


५ एप्रिल

आदरणीय विहीणबाई,

पत्र वाचून पहिल्यांदा छाती फुगली. खोटं कशाला बोलू? शाळा अर्ध्यात सुटलेल्या माणसाच्या कपाटाने विद्यापीठातली चूक पकडावी, हे वाक्य मी मनातल्या मनात फार वेळा म्हणून पाहिलं. मग तुमचा नळाचा मजकूर पुन्हा वाचला आणि वाक्य बेचव झालं.

कपाटात काही दोष असेल का, असं तुम्ही एका शब्दानेही विचारलं नाहीत. हा तुमचा मोठेपणा. पण विचारलं असतंत तरी उत्तर हेच मिळालं असतं: शक्य नाही. ते रोज तपासलं जातं. दुसऱ्या कशात शोधायचं तर शोधा. बियाणं जुनं झालं असेल, पाणी बदललं असेल. कपाटात शोधू नका.

ही माझ्याशी धड बोलत नाही. “विहीणबाई तिकडे रडल्या आणि तुम्ही इकडे मिशीला पीळ देताय,” म्हणाली. मी मिशी ठेवत नाही, तरी बोलणं लागलं.

आपला,
व्याही


१८ एप्रिल

आदरणीय विहीणबाई,

आज सकाळी केलेली तार मिळाली असेल: “निवेदन पाठवू नका. कपाट दोषी.” खुलासा लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहायचा धीर व्हायचा नाही, म्हणून एका बैठकीत.

झाकून ठेवलेली चीज ही: घड्याळवाल्याची सवय असते. रोज दुकान उघडलं की रेडिओच्या ठोक्यावर सगळी घड्याळं बरोबर लावायची. रोज तपासलं नाही ते बिघडलं असं धरायचं. हीच सवय मी कपाटात घातली. आत एक छोटं घड्याळयंत्र आहे. रोज सकाळी नऊला खटका पडतो. गरम तार बंद होते, मागची झडप उघडते, आतली हवा पाच-सहा अंश खाली येते. तेवढ्या उताराला पट्टी नेमकी तेवढीच वाकते का हे यंत्र पाहतं, चुकत असेल तर स्क्रू केसभर फिरवतं. मग झडप मिटते आणि कपाट पुन्हा तापतं. सगळ्याला दोनेक तास. आणि तेवढा वेळ तापमानाच्या पेनाला खीळ पडते. ते जागचं हलत नाही, सरळच ओढत राहतं. मला वाटलं, हे तपासणीचं तापमान, खरं नव्हे. रेघेत रोज एक खळगा दिसला तर शिकलेली माणसं नावं ठेवतील.

सकाळच्या बातम्यांत तो खटका नेमका मधे येतो अशी हिची फेब्रुवारीपासूनची तक्रार. मागे कळवलेल्या अबोल्यात काहीतरी गोड बोलायचं म्हणून मी घरच्या कपाटाचा खटका दुपारी चारवर नेला. त्यानंतर आठवड्याने ही चहाचा कप घेऊन काचेपुढे उभी.

“अहो, यांना काय झालंय? माझ्या दुपारच्या चहाला पानं वर असायची. आता माना टाकून बसतात.”

“कोण? वेंधळी?”

“वेंधळीच जास्त. शहाणीही थोडी सरकलीत.”

“पाणी कमी पडलं असेल.”

“पाणी मीच घालते. तुम्ही काय बदललंत ते सांगा.”

“मी काहीही बदललेलं नाही.”

“खटका?”

विहीणबाई, दिवा तर कधी बंद होत नाही. मग कोणाच्या सांगण्यावरून त्यांनी आपला दिवस हलवला? मी वेंधळ्यांना रोज सकाळी नऊला गार हवेची थाप मारून उठवत होतो. मागे पडायची त्यांना सवडच दिली नाही. दुकानात येणारं घड्याळ मी रोज बरोबर लावलं आणि मग गिऱ्हाइकाला म्हटलं, बघा, एक मिनिट मागे पडत नाही, तर मला कोणी दुकान चालवू देईल का?

दोन्ही कपाटांची मागची फळी काढा. डाव्या कोपऱ्यात पितळेचं चाक दिसेल. त्याचा एक दात मोडून टाका, म्हणजे खटका पडणार नाही. शिपायाला सांगू नका, तुम्ही स्वतः मोडा. पकड सोबत पाठवतो आहे.

मी चुकलो यापेक्षा मोठी गोष्ट ही, की ‘शक्य नाही’ असं मी लिहिलं तेव्हा मी कपाट उघडून पाहिलंसुद्धा नव्हतं.

आपला,
व्याही


९ जून

व्याहीबुवा,

दात मोडला. फार बरं वाटलं. मग दुसऱ्याचाही मोडला.

तुमची तार आली तेव्हा निवेदन विभागप्रमुखांच्या टेबलावर सहीला गेलं होतं. मी परत मागितलं. ते म्हणाले, “बाई, एका घड्याळजीच्या तारेवर?” मी म्हटलं, “घड्याळजी नव्हे, व्याही. नाही म्हणायची सोय नाही.” कागद घेऊनच बाहेर पडले.

नव्याने पेरलं, पुरता महिना चालवलं. शहाणी अठ्ठावीस अंशांनाही आपल्या चालीवर. आणि वेंधळी मागे पडली! रोज थोडी, रोज थोडी, इतकी की शेवटी शहाण्यांची पानं वर तेव्हा यांची खाली. शिपाई म्हणाला, “बाई, झाडं बिघडली.” मी म्हटलं, “पेढे आण.” अकरा वर्षांपूर्वीची मी बरोबर होते, व्याहीबुवा. पत्र्याच्या कपाटासकट. या वयात हे कळणं म्हणजे काय, ते तुम्हाला पत्रात सांगता येत नाही. विहीणबाईंना विचारा, त्या बरोबर सांगतील. चहाच्या कपावरून माझं नाव वाचवणाऱ्या बाई आहेत त्या.

चूक माझीही आहे, आणि तुमच्याहून कमी नाही. मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. उष्णतेने चाल बदलत नाही एवढंच लिहिलं. तेवढ्यावरून कोणालाही वाटेल की घेवड्याला उष्णता कळतच नाही. कळते. एका जागी स्थिर राहिलेल्या उष्णतेकडे तो काणाडोळा करतो, पण रोज ठरल्या वेळी होणारा चढउतार नीट ऐकतो आणि त्यावर आपलं घड्याळ लावून घेतो. नाहीतर पहाटेचा गारवा त्याला कशाला उपयोगी पडला असता? आणि तुमचं ‘रोज तपासलं जातं’ वाचून मला वाटलं, तुम्ही आमच्या शिपायाची तारीफ करताय. ज्याने आजवर काहीही तपासलेलं नाही त्याची!

आता एक मागणं आहे. नवा लेख लिहिते आहे. कपाट कोणी केलं ते त्यात यायला हवं. तुमचं नाव पहिल्यांदाच छापून येईल. पण त्याच्याच खालच्या ओळीत खटक्याचंही लिहावं लागेल, खिळलेल्या पेनासकट. रोज आपोआप तपासणी करणारी कपाटं आणखी कोणाकडे असतील, त्यांनाही अशीच सरळ रेघ दिसत असेल. तुम्ही नको म्हणालात तर तुमचं नाव वगळून ‘एका कारागिराने’ असं लिहीन. खटका वगळता येणार नाही. राग येईल, तो मला लिहून कळवा. इतक्या पत्रांनंतर तेवढा हक्क दोघांनाही आहे.

तुमची,
विहीण


२१ जून

आदरणीय विहीणबाई,

राग आला. दोन दिवस टिकला. आयुष्यात एकदा नाव छापून यायचं आणि तेही दोषाला चिकटून, म्हणून मी जेवताना आमटीला नावं ठेवली. हिने मीठ पुढे केलं आणि म्हणाली, “दुसऱ्याच्या घड्याळात तुम्ही काय बिघडलंय ते पावतीवर लिहून देताच ना?” देतो. म्हणून लिहा. नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट, आणि खटका माझ्या नावाखालीच येऊ द्या. ‘एका कारागिराने’ नको. लोकांना वाटेल, कपाट दुसऱ्या कोणी केलं. चाक किती दातांचं होतं ते विचारलं नाहीत, तरी तेही घाला.

वेंधळी मागे पडली हे वाचल्यावर ही टाळ्या वाजवून हसली. मी आमच्या कपाटाचा खटका काढून टाकला आहे. आता बातम्या शांतपणे ऐकू येतात आणि डावीकडची झाडं दुपारी, संध्याकाळी, त्यांच्या मनाला येईल तेव्हा मान टाकतात.

तुमच्या विभागप्रमुखांनी माझा पत्ता कोणाला दिला हे तुम्हाला ठाऊक नसावं, म्हणून कळवतो. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळांची उपकरणं करणाऱ्या एका कारखान्याचे गृहस्थ दुकानात आले. टाय होता, बोलणं मऊ होतं. आमच्या कपाटापुढे बसले, तापमानाचे जुने कागद मागितले, त्या सरळ रेघेवर बोट फिरवून म्हणाले, “आम्हाला हेच हवंय.”

मी म्हटलं, “ती रेघ खोटी आहे.” आणि खटका समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कळलंही त्यांना.

“खटका राहू द्या,” म्हणाले. “गिऱ्हाईक रेघ बघतं.”

“आणि आत झाड असलं तर?”

“झाड काय तक्रार करणार आहे?”

त्यांचा सौदा असा: कपाटाचा आराखडा, खटका आणि खिळीच्या पेनासकट, कायमचा त्यांना द्यायचा. कपाटाच्या दारावर पितळेच्या पट्टीत माझं नाव कोरलं जाईल. आणि तुमच्या लेखातली ती खटक्याची ओळ येणार नाही एवढं मी तुमच्याकडून पाहायचं, नात्यातल्याच आहात म्हणून. मी उठून दुकानाचं दार उघडून धरलं. ते गेल्यावर ही आतून बाहेर आली आणि किती म्हणाले ते विचारलं. तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यापासून पुन्हा काही झाकून ठेवायचं नाही: एक लाख ऐंशी हजार.

आपला,
व्याही